चौतीस घरांचा उपवास

“कच्ची चालती आन शिजवली की चालत न्हाई, मंग चुलीवर भाजीचं नेमकं काय व्हतं, सर?”

चतुराबाईंनी हे विचारलं ते गेल्या जानेवारीत, वडवणीत, भगवानरावांच्या ओसरीवर. त्यांच्या पुढ्यात ठेच्याच्या अकरा डब्या होत्या. आठवड्यापूर्वी त्यांनी भाजीच्या प्रत्येक पिशवीत एकेक डबी घातली होती. मिरच्या भरपूर लागल्या होत्या, लसूण घरचा होता, म्हणून. रिकाम्या पिशव्या परत आल्या तेव्हा अकरा पिशव्यांच्या तळाशी डबी तशीच होती. झाकणाला बांधलेला दोरासुद्धा कुणी सोडला नव्हता.

“काही घरांत तिखट चालत नाही हो,” भगवानराव म्हणाले होते.

बीड जिल्ह्यात तिखट चालत नाही. चतुराबाई हसल्या नाहीत. त्यांनी तो प्रश्न विचारला, आणि भगवानरावांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. बराच वेळ पुसला. काच स्वच्छच होती.

उरलेल्या तेवीस डब्यांचं काय झालं हे त्यांनी विचारलं नाही. त्यातली एक आमच्या घरी होती. ती आम्ही धुणंवालीला दिली.

चतुराबाई आपलं वय बहात्तरच्या दुष्काळापासून मोजतात. आई खडी फोडायला जायची तेव्हा आपण तिच्या पाठीला बांधलेल्या होतो, एवढंच त्यांना ठाऊक आहे. वडवणीपासून सहा किलोमीटरवरच्या एका वस्तीत त्या सून म्हणून आल्या. घर बौद्धांचं. सासऱ्यांनी छप्पन साली घरातले देव टोपलीत भरून ओढ्याला सोडले होते, आणि टोपली मात्र परत आणली होती, कारण टोपली चांगली होती. सासूनं गावाच्या गायरानातली दीड एकर जमीन फोडली. जमीन म्हणायचं, होते ते दगड. तिथं पहिल्यांदा तूर उभी राहिली तेव्हा गावातून ढोरं सुटली आणि एका दुपारीत रान साफ झालं. दुसऱ्या वर्षी पुन्हा. तिसऱ्या वर्षी पुन्हा. चौथ्या वर्षी म्हातारी पेरायला पाभर घेऊन निघाली तेव्हा नव्या सुनेनं विचारलं, “आत्या, परत कावून?”

“ढोरं थकतील,” म्हातारी म्हणाली.

ढोरं थकली की नाही माहीत नाही. सातबाऱ्यावर नाव लागलं ते म्हातारी गेल्यावर अकरा वर्षांनी.

तोवर चतुराबाई आणि त्यांचे मालक ज्ञानोबा ऊस तोडत होते. दिवाळीच्या आसपास निघायचं आणि उन्हाळा तापला की परत यायचं, असे बावीस हंगाम. मुलगा उसाच्या फडातच पहिल्यांदा उभा राहिला. तो आता पुण्यात गाडी चालवतो आणि त्याची बायको आम्रपाली इथं सासूबरोबर रान बघते. चतुराबाईंच्या डाव्या करंगळीचं टोक नाही. ते कुठल्याशा कारखान्याच्या हद्दीत राहिलं. कोयता मात्र घरी आला आणि दाराच्या आतल्या खुंटीला लटकला. चार वर्षं झाली, तो तिथंच आहे.

कारण चार वर्षांपूर्वी भगवानरावांनी बाजारात त्यांच्याकडून मेथीची जुडी घेतली. भगवानराव निवृत्त मुख्याध्यापक. सज्जन माणूस, हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. मेथी खाल्ली आणि दुसऱ्या आठवड्यात ते मोटारसायकलवरून थेट रानात आले. औषध मारत नाही, युरिया टाकत नाही हे डोळ्यांनी पाहिलं. मग वडवणीत घरोघर हिंडले. शिक्षक, कंपाउंडर, पोस्टातले, दुकानदार, बँकेतले. चौतीस घरं तयार झाली. बोली अशी: हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक घरानं हंगामाचे पैसे एकदम द्यायचे आणि चतुराबाईंनी मार्च संपेपर्यंत बुधवारी आणि रविवारी एकेक पिशवी भाजी द्यायची. रानात जे येईल ते पिशवीत येईल. कीड पडली, थंडीनं करपलं, तर पिशवी हलकी येईल आणि कुणी कुरकुर करायची नाही. पिकाचा धोका एकट्या बाईच्या डोक्यावर नको, तो चौतीस घरांत वाटला जावा. भगवानराव हे फार सुंदर समजावून सांगायचे. “आपण गिऱ्हाईक नाही,” ते म्हणायचे, “आपण या रानातली माणसं आहोत.”

हंगामाचा पहिला दिवस कोजागिरीनंतरच्या रविवारी. त्या दिवशी प्रत्येक घरातून कुणीतरी रानात यायचं आणि आपल्या हातानं वांग्याची एक ओळ लावायची. ओळीच्या तोंडाशी त्या घराच्या नावाची पाटी. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून आम्रपालीनं या पाट्या केल्या होत्या, लाल रंगात नावं, खाली तुरीची काडी. दुपारी सगळ्यांनी कडुलिंबाखाली बसून जेवायचं, ऊन कललं की लावणी करायची आणि मग पैसे द्यायचे.

जेवण म्हणजे डबे. पहिल्या वर्षी चतुराबाईंनी भाकरींची दुरडी मधोमध आणून ठेवली होती. “अहो, कशाला त्रास घेतला?” असं सगळे म्हणाले आणि आपापले डबे उघडले. चतुराबाईंना आग्रह करकरून वाढलं. कुणी पुरणपोळी, कुणी मसालेभात. त्यांनी सगळ्यांचं खाल्लं. त्यांच्या भाकरीवरचं फडकं कुणी उचललं नाही. पोटं भरली होती. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच.

हे आमच्यातल्या कुणी ठरवलं नव्हतं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. हात आपोआप आपल्या डब्याकडे जातो, जसा अंधारात बटणाकडे जातो.

यंदा पहिल्या रविवारच्या दोन आठवडे आधी चतुराबाई भगवानरावांच्या ओसरीवर आल्या आणि म्हणाल्या, “सर, सगळ्यान्ला सांगा. औंदा डबे आणू नका. जेवण माझ्याकडं हाय.”

“सत्तर माणसं होतील, चतुराबाई.”

“होऊ द्या की. मोजूनच दळण काढलंय.”

भगवानरावांनी निरोप मोबाइलवरच्या भाजीच्या ग्रुपवर टाकला. टाळ्यांची, नमस्काराची चित्रं आली. आणि मग दुसऱ्या दिवसापासून त्यांना एकेकट्याचे फोन यायला लागले. सर, येणार तर आहोतच, पण त्या दिवशी आमचा उपवास असतो. सर, आमच्या हिचा नवस आहे. सर, गैरसमज नको. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच आहोत, एका घरानं काय होतंय.

भगवानरावांना कुणाला दुखवायचं नव्हतं. चतुराबाईंना तर मुळीच नाही. त्यांनी रात्रभर विचार केला असेल आणि सकाळी जाऊन बसस्टँडजवळच्या हॉटेलवाल्या सोमनाथला सत्तर माणसांच्या साबुदाणा खिचडीची ऑर्डर दिली. सगळ्यांचा मान राहील असा उपाय त्यांना सापडला होता. तो उपाय आहे असं त्यांना खरोखर वाटलं, ही त्यांची चूक. अशी चूक फक्त चांगला माणूस करू शकतो.

आदल्या दिवशी, शनिवारी, मुंजाजी मुकादम वस्तीत आला. ऊसतोडीच्या टोळ्या भरायचे दिवस. तो दरवर्षी येतो. दारात उभं राहून आत खुंटीकडे बघतो.

“काय चतुराकाकू, औंदा जोडी धरू का तुमची?”

“न्हाई.”

“कोयता तर लटकावलाय अजून.”

“घासाला लागतो.”

“भाजीचं काय खरं असतंय काकू. शहरातले लोक. आज खातेत, उद्या न्हाई खात.”

“तू पाणी पिणार का?” चतुराबाई म्हणाल्या. मुंजाजी म्हणाला, नको, आत्ताच पिलो. आणि गेला.

तो गेल्यावर ज्ञानोबा विहिरीकडे बघत बसले. ते कमी बोलतात. “त्येचं एक खरं हाय,” ते म्हणाले. “ही घरं तुटली तर आपल्याला फडात जावं लागंल. मला आता मोळी उचलत न्हाई.”

“मला बी न्हाई.”

“मंग कावून डिवचतीस? खात्येत का न्हाई खात, भाजी तर घेतेत.”

“जेवाय बोलवणं म्हंजी डिवचणं असतंय व्हय?” चतुराबाईंनी विचारलं. ज्ञानोबा उठले आणि गादीवाफ्याला पाणी द्यायला गेले, म्हणजे रोपं उद्या मुळांसकट अलगद निघतील.

रविवारी पहाटेपासून लिंबाखाली तीन दगडांच्या दोन चुली पेटल्या. शेजारच्या भामाबाई मदतीला आल्या. नव्या बाजरीच्या भाकरी, पातेलंभर अंबाडीची भाजी कण्या घालून, वर लसणाची फोडणी, शेंगदाण्याचा ठेचा, फोडलेला कांदा. अकरा वाजता मोटारसायकली यायला लागल्या. दोन कार, एक रिक्षा. चतुराबाई चुलीपासून उठून बांधावर आल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताकडे बघत राहिल्या. कुणाच्याच हातात डबा नव्हता. एकाच्याही नाही. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. चार वर्षांत मी तो चेहरा एकदाच पाहिला, साधारण वीस मिनिटं.

मग छोटा टेम्पो आला. त्यातून सोमनाथ उतरला, मागोमाग गॅसची शेगडी, सिलेंडर आणि भलीमोठी कढई.

“सोमनाथ, तू कुठं रे?”

“सरांनी सांगतलं मावशी. सत्तर माणसांची खिचडी. साबुदाण्याची.”

“कावून?”

“उपास हाय म्हणं सगळ्यांचा.”

“सगळ्यांचा?”

“आता मला काय म्हाईत. मी तर कूट करून आणलंय पाच किलो.” सोमनाथनं चुलींकडे पाहिलं, भाकरींच्या थप्पीकडे पाहिलं, आणि त्याचा आवाज उतरला. “तुमी केलंय व्हय सगळं? मावशी, आईशप्पथ, मला ठाव न्हवतं.”

भगवानराव घाईघाईनं आले. कपाळावर घाम. “चतुराबाई, हे बघा, मनात काही आणू नका. योगायोग झाला. तुमचं जेवण तर आम्ही खाणारच आहोत, आज नाही तर—”

“आज तिथ कोणची, सर?”

“आज? संकष्टी नाही का?”

“संकष्टी उद्या हाय.”

चतुराबाईंच्या घरात पंचांग नाही. त्यांना कुठलाच उपवास नाही. पण पोरवयात त्या आईबरोबर मालकांच्या रानात खुरपायला जायच्या, आणि मालकिणीचा उपवास असला की दुपारी मजुरांना भाकरतुकडा यायचा नाही. घरात चूलच पेटलेली नसायची. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, सगळं त्या पोटावर शिकल्या. अजून विसरल्या नाहीत.

“आमचा खंडोबाचा रविवार असतो,” कंपाउंडर म्हणाले.

“मला डॉक्टरनी लंघन सांगितलंय.”

“आमच्या हिचा नवस—”

“आवो, सकाळी माझ्या हाटेलात पोह्याच्या सतरा प्लेटा गेल्या,” सोमनाथ कढई मांडता मांडता म्हणाला. “उपासाला पोहे चालत असतील औंदा.”

दोघातिघांनी खिशातून मोबाइल काढले.

खिचडी झाली. द्रोणांतून वाटली गेली. आम्ही लिंबाच्या एका बाजूला उभे होतो आणि चुली दुसऱ्या बाजूला. वारा तिकडून इकडे होता. अंबाडीवरच्या लसणाचा वास प्रत्येकाच्या नाकात गेला आणि प्रत्येकजण साबुदाणा चावत राहिला. भगवानरावांच्या पत्नी रुक्मिणीबाई द्रोण हातात धरून तशाच उभ्या होत्या. खात नव्हत्या, टाकतही नव्हत्या. मीही खिचडी खाल्ली. ती चांगली झाली होती.

चतुराबाई भाकरींच्या दुरडीजवळ बसून होत्या. गर्दीतून एकच मुलगी पलीकडे गेली. करिष्मा, मूळची गेवराईची, इथल्या बँकेत नोकरीला, खोली घेऊन एकटी राहते. तिनं द्रोण घेतलाच नव्हता.

“मावशी, मला वाढा.”

“उपास न्हाई का तुला?”

“सकाळपासून भूक हाय मला. वास सुटलाय लई.”

तिच्या शेजारी पाच मिनिटांनी सोमनाथ येऊन बसला, झारा कढईत तसाच टाकून. “खिचडी करणाऱ्यानं खिचडी खाऊ न्हाई,” त्यानं जाहीर केलं, “पोटात गोळा बसतो.” त्यानं तीन भाकरी खाल्ल्या. मग बोटं चाटून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मीठ बरोबर पडलंय.”

चारच्या सुमारास ऊन कललं. गादीवाफ्यातली रोपं काढून ओल्या गोणपाटाखाली ठेवलेली होती. रान तयार होतं, चौतीस सऱ्या, प्रत्येक सरीच्या तोंडाशी पाटीसाठी भोक. भगवानरावांनी टाळी वाजवली. “चला, आपापल्या ओळी धरा.”

चतुराबाई रानाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. हातात खुरपं होतं, पण ते लावणीसाठी होतं.

“सर, थांबा. उपाशी माणसाला मी कामाला लावत न्हाई.”

भगवानरावांना कळेना. “म्हणजे?”

“मी उपाशी पोटी लोकाच्या रानात लई कामं केलीत. माझ्या रानात मी ते करू देणार न्हाई. ज्यानं खाल्लंय त्यानं लावावं. ज्याला उपास हाय त्यानं घरी जावं, आराम करावा.”

क्षणभर सगळ्यांना ती थट्टा वाटली. मग मागून एक आवाज आला. किराणा दुकानवाले होते. “पैसे आम्ही द्यायचे आणि अटी तुमच्या?”

“दिले का पैसे?”

“आज देणारच होतो की.”

“मंग ठिवा खिशात.”

“चल बे,” दुकानदार शेजारच्याला म्हणाले, “बाजारात भाजीला काय तोटा हाय का?”

“न्हाई, तोटा न्हाई,” चतुराबाई म्हणाल्या. “बाजारात कुणी जेवाय बी बोलवत न्हाई. तिथं बरं पडंल तुमाला.”

भगवानराव पुढे आले. “चतुराबाई, चार वर्षांचं काम आहे हे. तुमचं आहे, माझंही आहे. इतकं ताणू नका. तुटेल.”

“बावीस वर्सं ऊस तोडलाय मी, सर. तुटायचं भ्या मला घालू नका.” मग त्या भगवानरावांकडे नाही, सगळ्यांकडे बघून सावकाश बोलल्या. “फुडच्या रविवारी बी चूल पेटंल. ज्याचा उपास सुटला असंल त्यानं यावं. जेवावं. आन आपली पाटी आपल्या हातानं रोवावी. न्हाई आला तर ती वळ माझी.”

मोटारसायकली सुरू झाल्या. धूळ उडाली. पंधरा मिनिटांत बांध रिकामा झाला. निघणाऱ्यांत मीही होतो, फक्त माझी गाडी सुरू व्हायला वेळ लागला. म्हणून पुढचं थोडं मला ऐकू आलं.

चतुराबाई, ज्ञानोबा, आम्रपाली, भामाबाई, करिष्मा आणि सोमनाथ अशी सहा माणसं रानात उतरली. सोमनाथ रोपं उलटी लावतो म्हणून त्याला पाणी घालायला लावलं. करिष्माच्या सरीवर तिची पाटी रोवली गेली. बाकी भोकं तशीच राहिली.

दुसरी सरी लावताना ज्ञानोबा म्हणाले, “चौतीसातली तेहतीस गेली.”

“वळी किती हायेत?”

“चौतीस.”

“मंग काय गेलं?” चतुराबाई म्हणाल्या आणि पुढचं रोप मागितलं.

चुलीवरच्या भाजीचा तो पहिला प्रश्न मी जानेवारीत ओसरीवर ऐकला होता आणि विसरलो होतो. हा दुसरा विसरता येत नाही.

बुधवारी संध्याकाळी भगवानरावांच्या ओसरीवर बैठक झाली. पंचवीसेक लोक होते. तीन दिवसांत राग उतरला होता आणि त्या जागी एक प्रकारची गडबड आली होती, कारण मंगळवारी बऱ्याच जणांनी बाजारातून वांगी आणली होती आणि ती शिजताना वेगळाच वास आला होता. मार्ग काढायचा होता. पोस्टातले म्हणाले, आपल्या सगळ्यांच्या वतीनं सरांनी जाऊन जेवावं, प्रतिनिधी म्हणून. यावर गंभीरपणे चर्चा झाली. कंपाउंडर म्हणाले, त्यापेक्षा चतुराबाईंनाच इथं जेवायला बोलवू, रुक्मिणीवहिनी स्वयंपाक करतील, एकाच पंगतीत बसवू. हे पुष्कळांना पटलं. आपलं वाढलेलं दुसऱ्यानं खाल्लेलं पाहण्यात अडचण कधीच नव्हती.

पण दुकानदारांनी आणखी पुढचा विचार केला होता. त्यांनी शाल आणली होती. शाल, नारळ आणि गुलाबाचा हार. “सत्कार करू,” ते म्हणाले. “कष्टकरी महिला म्हणून. फोटो काढू, पेपरला देऊ. बाईमाणूस हाय, खूश होऊन जाईल. विषय संपला.”

भगवानराव चष्मा पुसत राहिले. पण ताट त्यांच्याच टेबलावर ठेवलं गेलं. घडी घातलेली शाल, त्यावर नारळ. टेबलासमोर हात असलेली खुर्ची. चतुराबाईंना सहाला बोलावलं होतं.

त्या सहाला आल्या. वडवणीच्या बसनं आल्या असणार, पदर धुळीनं भरला होता. काखेत एक पोतं. चपला पायरीखाली काढल्या. सगळे उठून उभे राहिले. हे यापूर्वी कधी झालं नव्हतं.

“या, या चतुराबाई, बसा,” दुकानदार म्हणाले. खुर्ची पुढे सरकवली.

त्या बसल्या नाहीत. ताटाकडे पाहिलं. शाल, नारळ, हार. मग रिकाम्या खुर्चीकडे. मग आमच्याकडे, एकेकाकडे, शाळेत हजेरी घेतात तसं.

“चतुराबाई,” भगवानराव म्हणाले, “सगळ्यांच्या मनात तुमच्याविषयी आदर आहे. झालं गेलं ते... आमची एक विनंती आहे. आधी सत्कार स्वीकारा, मग शांतपणे बोलू. तुमचं जे काही म्हणणं असेल ते.”

चतुराबाईंनी पोतं टेबलावर ठेवलं, ताट कोपरानं थोडं बाजूला सारलं आणि पोत्याचं तोंड सोडलं. पहिली पाटी काढून टेबलावर ठेवली, नाव वर करून. मग दुसरी. पत्र्यावर पत्रा वाजत होता. कंपाउंडरांचं नाव. पोस्टातल्यांचं. दुकानदारांचं, ते त्यांनी वाचलं आणि मान दुसरीकडे केली. माझं. काड्या काढून टाकलेल्या होत्या; काडी ज्याची त्यानं आणायची. टेबल भरलं तेव्हा उरलेल्या पाट्या त्यांनी खुर्चीवर ठेवल्या. जी खुर्ची त्यांच्यासाठी होती, तिच्यावर. तेहतीस पाट्या. चौतिसावी रानात होती.

“म्हणजे तुम्ही आम्हाला काढून टाकता?” कुणीतरी विचारलं.

उत्तर त्यांनी रविवारीच दिलं होतं, लिंबाखाली, सगळ्यांदेखत. चूल पेटणार होती. जेवायचं होतं. आपली पाटी आपण न्यायची होती.

“काहीतरी बोला हो,” भगवानराव म्हणाले. आयुष्यभर वर्गात प्रश्न विचारलेला माणूस, आणि आवाजात पोरासारखी विनवणी.

तेवढ्यात आतल्या दारातून रुक्मिणीबाई बाहेर आल्या. चहाचा ट्रे त्यांच्या हातात होता. तो त्यांनी जमिनीवर ठेवला. टेबलाशी येऊन पाट्या उलटसुलट करत त्यांनी ‘भगवानराव’ लिहिलेली पाटी शोधली, पदरानं पुसली आणि आत नेली. नवऱ्याकडे पाहिलं नाही. आत फडताळाचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला.

चतुराबाईंनी रिकामं पोतं झटकलं, घडी घातली, काखेत धरलं. ताटातली शाल एका कडेनं घसरली होती. नारळ पडेल म्हणून तो त्यांनी नीट मधोमध ठेवला. मग त्या पायऱ्या उतरल्या, चपला घातल्या, आणि फाटकातून बाहेर पडल्या.